नकोच्या नंतरचा स्वल्पविराम

पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि व्याकरणाच्या एका जाड पुस्तकात ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू, असं ठरवलं. मग उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा झाला, उन्हाळा सरून थंडी आली, तरी पत्र पुस्तकात आणि मी खुर्चीत. पत्राला उत्तर न देणारा माणूस मी नव्हे. वीज कंपनीच्या छापील सूचनेलाही मी एकदा "आपले पत्र मिळाले, आभारी आहे" असं कळवलं होतं. माझी बायको त्यावरून अजून हसते. पण या पत्रापुढे माझी मती गुंग झाली होती.

पत्रात विरामचिन्ह म्हणून एकही नव्हतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ते उताराला लागलेल्या सायकलीसारखं सुटलं होतं.

"आदरणीय स्वल्पविराम यांस नमस्कार ओळखलंत का मी बाहुली तुमचा पत्ता ठोक्याकडून घेतला त्याला रागावू नका जुन्या गाण्यांचा मोठा कार्यक्रम ठरतोय मला शेवटी ठेवलंय शेवटी म्हणजे मान म्हणून वय म्हणून नाही असं ते म्हणतात आता अडचण अशी की माझा दम पुरत नाही थांबू नको एका दमात म्हणायचं आणि मग श्वास घ्यायचा हे तुम्ही सांगितलंत तसंच मी आजवर केलं पण आता थांबू म्हटलं की छाती रिकामी होते डॉक्टर म्हणतात गा पण श्वास कोंडू नका तेव्हा तुमची हरकत नसेल तर स्वल्पविराम थांबूच्या नंतर घेते तुम्ही हो म्हटल्याशिवाय घेणार नाही तुमचीच बाहुली"

बायकोने ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "तुमचीच?"

"अगं, पत्रात लिहितात तसं."

"मला नाही कोणी लिहिलं कधी."

ही बाहुली कोण आणि मी स्वल्पविराम कसा झालो, ते आधी सांगायला हवं. नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली. स्वतःचं वाक्य समोर आलं की मला त्यात फक्त चुका दिसतात.

ते गाणं मूळचं आपलं नव्हे. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशात ते जन्मलं. जगभरातल्या मुली उशाशी घेऊन झोपतात ती लांब पायांची, सोनेरी केसांची, सदा हसरी प्लास्टिकची बाहुली त्या गाण्यात बोलायला लागायची आणि मधूनमधून एक भरदार पुरुषी आवाज तिला उत्तर द्यायचा. खाली ढबढब असा ठेका. ते आमच्या शहरात येऊन थडकलं आणि न्हाव्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत दुसरं काही ऐकू येईना. आमचे छापखान्याचे मालक काटकसरी म्हणून पंखा लावत नसत, पण रेडिओवर ते गाणं लागलं की जमिनीवर पाय आपटत. त्यामुळे वारा यायचा असं नाही, पण कामगारांना बरं वाटायचं.

शहरातल्या एका कॅसेट कंपनीच्या साहेबांनी ठरवलं की हे गाणं आपल्या भाषेत आणायचं. शब्द लिहायला एक कवी बोलावला. तो हॉटेलच्या बिलांच्या पाठीवर लिही. विरामचिन्हं म्हणजे कवितेच्या पायातल्या बेड्या, असं त्याचं मत होतं. कॅसेटच्या डबीत जो घडीचा कागद असतो त्यावर गाण्याचे शब्द छापायचे होते, आणि ते काम आमच्या छापखान्यात आलं. मी तिथे मुद्रितशोधक होतो. म्हणजे छापण्याआधी चुका शोधणारा माणूस. चूक राहिली तर सगळे मला शोधत येत, राहिली नाही तर मी असल्याचंही कोणाच्या लक्षात नसे. मला ते फार सोयीचं होतं.

बाहुलीच्या गाण्याचं धृपद असं होतं:

प्लास्टिकची मी बाहुली
भूक न मजला साउली
थांबू नको नाच थांबू नको नाच

पहिल्या ओळींबद्दल मी काही बोलत नाही. बाहुलीला साउली नसते हे मला पटलं नव्हतं, पण तो कवीचा प्रश्न. माझं घोडं अडलं तिसऱ्या ओळीपाशी. "थांबू नको, नाच" असं म्हटलं तर बाहुली सांगते आहे की बाबा रे, थांबू नकोस, नाचत राहा. पण "थांबू, नको नाच" असं म्हटलं तर तीच बाहुली म्हणते आहे की पुरे आता, थांबू या, नाचबिच नको. एक स्वल्पविराम एका शब्दाने इकडचा तिकडे झाला की नाचगाण्याचं दमा झालेल्या माणसाचं मनोगत होतं.

मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "कुठेही टाका हो. लोक काय कॅसेट वाचायला घेतात?"

मला ते जमेना. दुपारच्या सुट्टीत मी मुद्रित, म्हणजे तपासायचा तो छापील कागद, खिशात घालून स्टुडिओत गेलो. तिथे माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, ध्वनिमुद्रणाचं काम करायचा. त्याला घरीदारी सगळे ठोक्या म्हणतात, कारण समोर टेबल असो, ताट असो की माझी पाठ असो, त्याची बोटं त्यावर ठेका धरतात. स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरचा माळा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. दाराच्या वर लाल दिवा लागलेला होता.

आमच्या छापखान्यात संडासाच्या दारावर असाच लाल दिवा होता. आत कोणी असलं की लागायचा. म्हणून मी सभ्यपणे, थोडं लांब उभा राहिलो. बराच वेळ कोणी बाहेर येईना. मला त्या माणसाची काळजी वाटू लागली. मग आतून ठेका ऐकू आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काही तसलं दार नव्हे, आणि मी ते जरासं ढकललं.

आत हेडफोन घातलेली एक सडपातळ तरुण मुलगी माईकपुढे उभी होती. डोळे मिटून गात होती. छान गात होती. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण छान होतं. आणि मग ती म्हणाली, "थांबू", तिथे तिने श्वास घेतला, "नको नाच."

मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. बस चुकली तरी ओरडत नाही. दुसरी येते. पण त्या क्षणी माझ्या पोटातून, कुठल्या तळघरातून कोण जाणे, एक घनगंभीर आवाज निघाला:

"स्वल्पविराम नकोच्या नंतर!"

मुलीने डोळे उघडले. ठेका ढबढब चालूच होता. काचेपलीकडे ठोक्याने कपाळावर हात मारला. मी मुद्रित पुढे धरून "माफ करा, माफ करा" म्हणत मागे सरलो आणि गादीवर आपटलो. पण कॅसेट कंपनीचे साहेब काचेमागून नाचतच बाहेर आले.

"हाच! हाच तो आवाज! सकाळपासून शोधतोय मी!"

बाहुलीला उत्तर देणाऱ्या पुरुषासाठी त्यांनी आधी एक पैलवान बोलावला होता. त्याचा आवाज शिट्टीसारखा निघाला. मग एक निवेदक आणला, तर तो प्रत्येक ओळीनंतर वाजले किती ते सांगू लागला.

कवी बिल चुरगळत म्हणाला, "अहो, पण याचा अर्थ काय होतो?"

"अर्थाचं काय घेऊन बसलात? तालात बसलंय की नाही?"

ठोक्याची बोटं टेबलावर चालू झाली होती. "स्वल्प-विराम, नकोच्या, नंतर. चपखल बसलंय साहेब. मी मुद्दाम बसवायला गेलो असतो तर बसलं नसतं."

त्यांनी मला माईकपुढे उभं केलं आणि परत म्हणायला सांगितलं. माझ्या तोंडून उंदराच्या पिल्लासारखं काहीतरी निघालं. पाणी दिलं, चहा दिला, दिवा मालवला, शेवटी ठोक्याने मला चिडवायला म्हणून "ऱ्हस्व दीर्घात काय ठेवलंय" असंही म्हणून पाहिलं. मी नुसता लाल झालो. तेव्हा त्याने पहिलंच ओरडणं टेपवरून कापून प्रत्येक धृपदाच्या शेवटी चिकटवलं. मुलीने मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "श्वास 'नको'नंतर घ्यायचा ना? नीट सांगा, मी तसंच गाते." मी मान हलवली. ती तसंच गायली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गाण्याने धुमाकूळ घातला. ती मुलगी गावभर बाहुली म्हणूनच ओळखली जाऊ लागली. लग्नात, सहलीत, कचेरीच्या निरोपसमारंभात लोक कंबर हलवत "थांबू नको, नाच" म्हणत आणि मग हवेत बोट नाचवून एकसाथ गर्जना करत: "स्वल्पविराम नकोच्या नंतर!" अर्थ कोणाला विचारायचा नव्हता. लहान मुलं "चल विमान, नको जा नंतर" असं म्हणत. शेजारच्या शिक्षकबाई सांगायच्या, वर्गातली मुलं आता प्रत्येक "नको"नंतर स्वल्पविराम देतात. "मला भाजी नको, असते" असं एकाने लिहिलं होतं. मी ऐकून रात्रभर तळमळलो. कॅसेटवरच्या कागदावर ठोक्याने हौसेने माझं नाव घातलं होतं. मुद्रित माझ्याकडेच आलं, आणि मी ते नाव खोडलं. त्यामुळे तो आवाज कोणाचा हे घरच्यांशिवाय आणि स्टुडिओतल्यांशिवाय कोणाला कळलं नाही. भाचीच्या लग्नात सगळं वऱ्हाड माझ्यावर ओरडत नाचत होतं आणि मी कोपऱ्यात खुर्च्या मोजल्यासारखं करत बसलो होतो.

तर आता तीच बाहुली विचारत होती, स्वल्पविराम हलवू का?

मी उत्तरं लिहिली नाहीत असं नाही. लिहिली आणि फाडली. "हरकत नाही" असं लिहिलं, तर डोळ्यांसमोर यायचं: भरलेलं सभागृह, हजारो लोक उभे, आणि बाई गातायत, "थांबू, नको नाच." म्हणजे घरी जा. आणि लगेच टेपवर माझाच आवाज तिला सगळ्यांदेखत खडसावणार की बाई, चुकलात. "हरकत आहे" असं लिहिलं, तर तिने श्वास कुठे घ्यायचा? बाहुलीला फुप्फुसं नसतात, पण बाईला असतात. एका स्वल्पविरामापायी माणसाचा जीव घुसमटवणारा मी कोण? आणि तो मुकाट्याने हलवू देणारा तरी मी कोण?

"तुमचं हे असंच," बायको म्हणाली. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

मग एका सकाळी ठोक्या आला. आता त्याचेही केस पांढरे झालेत, पण बोटं तशीच. आल्या आल्या चहाच्या बशीवर ठेका धरून म्हणाला, "भावजी, तुम्ही कळवत का नाही हो त्या बाईंना? तालीम सुरू झालीये. रोज विचारतात, पत्र आलं का, पत्र आलं का. पोस्टमनला पण एवढं कोणी विचारत नाही."

"मी विचार करतोय."

"विचार करा, पण तोवर संयोजक काय म्हणतोय माहितीये? सोमवारपर्यंत बाईंचा दम बसला नाही तर सरळ जुनी टेप लावणार. बाईंनी नुसते ओठ हलवायचे."

"मग लावू दे की," बायको म्हणाली. "सगळेच लावतात."

"ताई, त्या नाही लावणार. त्यांनी सांगितलंय, टेप लावली तर मी येणारच नाही. तीस वर्षांनी बोलावलंय कोणीतरी, नवी साडी घेतलीये, नातवंडं परगावहून निघालीयेत, आणि ही बाई अडून बसलीये. कशापायी? तर स्वल्पविराम साहेबांचं पत्र नाही!"

"तू सांग ना त्यांना काहीतरी माझ्या वतीने."

"मी? मला त्या म्हणाल्या, तू ठोके मोज."

बायकोने माझा डोक्यावरचा रुमाल काढला आणि हातात टोपी दिली. "चला. तालमीला जाऊ. तोंडाने बोलणं होणार नाही तुमच्याच्याने, पण निदान डोळ्यांनी बघा तरी."

सभागृह जुनंच होतं. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी पसरलेल्या, त्यामुळे सगळे प्रेक्षक आजारी असल्यासारखे वाटत होते. ठोक्या मंचामागे गेला, बायको पाण्याचा नळ शोधायला गेली आणि मी मधल्या वाटेत एकटा राहिलो. तेवढ्यात मंचावरून संयोजक खाली आला. कानाला फोन, गळ्यात ओळखपत्र.

"पंख्यासाठी आलात ना? किती उशीर! तो बघा, दुसरा. नुसता कुरकुरतोय. शिडी तिथे आहे."

मी "नाही" म्हणणार होतो. पण कोणी इतक्या खात्रीने बोललं की मला वाटतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मी "बरं" म्हणालो. त्याने मला पेचकस दिला आणि मी शिडीवर चढलो.

वरून मंच चांगला दिसत होता. बाहुली आली. पायात सपाट चपला, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, अंगावर साधी साडी. सडपातळपणा कधीच सोडून गेला होता आणि तो गेला ते बरंच झालं असं वाटावं इतकी ती प्रसन्न दिसत होती. तिने माईकवर टिचकी मारली, ढोलवाल्याला म्हणाली, "हळू रे बाबा, तुझ्या आजीच्या वयाची आहे मी," आणि ठेका सुरू झाला.

पहिल्या ओळी तिने मजेत म्हटल्या. आवाज थोडा खरखरीत, पण खट्याळ. मग ती ओळ आली. "थांबू" म्हटलं आणि मला वरून तिचे खांदे चढलेले दिसले. "नको" तिने कसंबसं ओढलं, श्वास घेतला, "नाच" म्हणेस्तोवर ठेका पुढे निघून गेलेला. दुसऱ्यांदा "थांबू"वरच आवाज विझला. तिने छातीवर हात ठेवला. ढोलवाला आपोआप थांबला.

"ताई," संयोजक गोड आवाजात म्हणाला, "कशाला त्रास करून घेता? टेप लावतो. तुम्ही फक्त ओठ हलवा, हात हलवा, हसा. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल ना."

"अहो, पण लोकांना तुम्हाला बघायचंय!"

"ओठ हलवून हसायला मी काय बाहुली आहे?"

ढोलवाला फिस्सकन हसला, मग तीही हसली आणि हसता हसता खोकली. कोणीतरी पाणी दिलं.

"बरं, मग 'थांबू'नंतर श्वास घ्या," संयोजक म्हणाला. "साधी गोष्ट आहे."

"विचारलंय मी. उत्तर आलं नाही."

"कोणाला विचारलंय?"

"ज्यांनी सांगितलं होतं त्यांना. हे बघा, मी तेव्हा चुकीचंच गात होते. मला कोणी काही बोललं नाही. साहेब नाही, कवी नाही, वाजवणारे नाहीत. पोरगी दिसायला बरी आहे, गाऊ दे काहीही. एक माणूस दार उघडून आला आणि मी काय म्हणते आहे ते त्याने ऐकलं. शब्द ऐकले. तेव्हा त्यांना न विचारता मी नाही हलवणार." तिने पाण्याचा घोट घेतला. "आणि त्यांचं उत्तर नाही आलं, तर त्यांची हरकत आहे असं समजायचं. मग मी नाही गात. दुसरं कोणी शेवटी ठेवा."

"सोमवारपर्यंत बघतो," संयोजक म्हणाला. "पुढे माझाही इलाज नाही."

मी शिडीवर होतो. दहा पावलांवर ती होती. खाली नळावरून परतलेली माझी बायको वर बघून हातवारे करत होती: बोला, बोला! मी तोंड उघडलं. सगळ्यांनी वर पाहिलं.

"पंखा ठीक आहे," मी म्हणालो, आणि खाली उतरून बाहेर चालू लागलो. पेचकस हातातच राहिला होता. तो परत द्यायला बायकोला पाठवावं लागलं.

परतीच्या वाटेवर आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही. बायको बोलत होती. "पंखा ठीक आहे म्हणे! काय त्या पंख्याचं भाग्य!" ती चिडली की भराभर चालते, आणि माझे गुडघे आता वाक्याच्या शेवटी आल्यासारखे वागतात. ती पुढे, मी मागे. लॉंड्रीच्या दुकानाशी चढ लागतो. तिथे ती वळली, कमरेवर हात ठेवला आणि राग तसाच ठेवून विचारलं:

"थांबू?"

"नको, चल," मी म्हणालो.

आणि मीच थांबलो.

ती पुढे गेली, परत वळली. "नको म्हणालात ना? मग आता तुम्ही का थांबलात?"

"तू आत्ता काय म्हणालीस?"

"काही वाईट नाही बोलले. थांबू का, एवढंच विचारलं."

"'का' नव्हतं. 'का' म्हणाली नाहीस तू. नुसतं थांबू म्हणालीस."

"मग? आता माझ्यातही चुका काढा भर रस्त्यात!"

"चूक नाही गं! चूक नाहीच! थांबू, आणि पुढे तू गप्प बसलीस. श्वास घेतलास. मी नको म्हणेपर्यंत तुला हवा तेवढा वेळ होता!" माझा आवाज चढत होता आणि मला तो आवरत नव्हता. "थांबू? नको! नाच! अगं, शब्द तेच आहेत! एकही शब्द हलवायचा नाही. स्वल्पविरामही हलवायचा नाही. तिथे प्रश्नचिन्ह द्यायचं. बाहुली विचारते आहे, थांबू? थांबू?"

लॉंड्रीवाला इस्त्री फिरवता फिरवता सवयीने ओरडला, "स्वल्पविराम नकोच्या नंतर!"

"तो होताच हो तिथे!" मी त्याला म्हणालो. "आधीचं काय ते बघत होतो!"

तो इस्त्री शर्टावर तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "आवाज ओळखीचा वाटतो तुमचा," तो म्हणाला. मग जळका वास आला आणि त्याला दुसरी कामं लागली.

बायको मात्र रस्त्यातच ओठ हलवून म्हणून बघत होती. तिने तीन-चारदा पुटपुटून पाहिलं. मग तिची भुवई वर गेली. ती भुवई मी चांगली ओळखतो.

"सगळं खरं," ती म्हणाली. "पण विचारणार बाहुली. मग नको कोण म्हणणार?"

"तीच म्हणेल."

"स्वतःच विचारायचं आणि स्वतःच नको म्हणायचं? मग श्वास कधी घ्यायचा तिने, दुसऱ्या दिवशी?"

"लोक म्हणतील."

"लोकांना कोण शिकवणार? त्यांना एकच येतं, ते आत्ता त्याने म्हटलं." ती चालू लागली. "नको म्हणायला माणूस लागेल. जोरात म्हणणारा."

घरी येईपर्यंत मी तिच्या मागेच राहिलो. चढ होता, हे एक कारण झालं.

दुपारी मी कागद घेतला. ठोक्या तालमीवरून जेवायला आला होता. तो म्हणाला, "भावजी, फोन करा की सरळ. नंबर देतो."

"फोनवर प्रश्नचिन्ह दिसत नाही."

"आवाजात दिसतं."

"माझ्या आवाजात नाही दिसत," मी म्हणालो, आणि त्याने फोन परत खिशात ठेवला, कारण ते खरं होतं.

मी लिहिलं:

"स. न. वि. वि. आपले पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला. स्वल्पविराम 'थांबू'च्या नंतर घेऊ नये, कारण त्याने अर्थ उलटा होतो. तो आहे तिथे राहू द्यावा. मात्र 'थांबू'च्या नंतर प्रश्नचिन्ह द्यावे. थांबू? नको, नाच! प्रश्नचिन्हानंतर थांबायला भाषेची हरकत नसते. उत्तर येईपर्यंत आपण हवा तेवढा श्वास घ्यावा."

इथवर मी एका दमात लिहिलं. मग पेन अडलं. बायको खांद्यावरून वाचत होती. मला खांद्यावरून वाचलेलं चालत नाही, पण हे मी तिला लग्न झाल्यापासून सांगू शकलेलो नाही.

"पुढे?" ती म्हणाली.

मी लिहिलं, "'नको' म्हणण्यास पुरुषाचा आवाज लागेल. दुसरा कोणी योग्य मिळाल्यास उत्तमच. अगदीच कोणी न मिळाल्यास, प्रकृती ठीक असल्यास आणि आपली हरकत नसल्यास, मी प्रयत्न करून पाहीन."

"हे काय?"

"नम्रपणे लिहिलंय."

"त्यात तुम्ही कुठे आहात ते शोधायला चष्मा लागतोय. खोडा."

"कुठून?"

"तुम्हाला चांगलं माहितीये कुठून."

खोडायची एक खूण असते आमच्या धंद्यात, शेपटी वळलेली. मी "दुसरा कोणी" पासून "नसल्यास" पर्यंत रेघ ओढली आणि शेपटी काढली. उरलं ते वाचलं: "'नको' म्हणण्यास पुरुषाचा आवाज लागेल. मी प्रयत्न करून पाहीन."

"प्रयत्न करून पाहीन पण जाऊ दे," बायको म्हणाली.

"मग काय उरेल?"

"'मी' उरेल. पुढे लिहा, येईन."

ठोक्याची बोटं पाटावर चालू झाली. "भावजी, एकदा म्हणून बघा. फक्त नको. मी ठेका देतो. ताई, तू विचार."

"थांबू?" बायकोने विचारलं, अगदी बाहुलीसारखी मान तिरकी करून.

माझ्या तोंडून काहीतरी निघालं. उंदराचं पिल्लू नव्हतं. मोठं मांजरही नव्हतं, मधलं काहीतरी होतं.

"ऐकू आलं," ठोक्या म्हणाला. "शेवटच्या रांगेचं बघू. अजून दिवस आहेत."

मी ते वाक्य पूर्ण केलं, "मी येईन," आणि खाली सही केली. पूर्ण नावाने. सही झाल्यावर पत्र पहिल्यापासून तपासलं. एक वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त केली. पुन्हा तपासायला घेतलं तेव्हा बायकोने पत्र काढून घेतलं, पाकिटात घातलं आणि चिकटवलं.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावरच आहे. टपाल दुपारनंतर काढतात आणि आज गेलं तरच सोमवारच्या आत पोचेल, म्हणून ठोक्या घाई करत होता. मी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तसंच धरून राहिलो. मागे एक शाळकरी मुलगी आपलं पत्र घेऊन उभी होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "काका, टाकताय ना?"

"टाकतोय," मी म्हणालो आणि सोडलं.